जुना कन्सोल घेताना: डिस्क आपली, बाकी सगळं कंपनीचं

घाटंजीकडच्या एका पोट्ट्यानं विचारलं आहे. त्याच्या गावातला एक भाऊ पीएस फोर (सोनीचा प्लेस्टेशन 4, टीव्हीले जोडून गेम खेळायची मशीन, यालेच कन्सोल म्हणते) विकून राहिला, सोबत सहा डिस्का अन् "अकाउंटमध्ये पंचवीस गेम". दुसरीकडे यवतमाळात एकजण पीएस फाइव्ह डिजिटल (डिस्क टाकायची सोयच नसलेला) देऊन राहिला, बॉक्ससहित. घ्यावं कोणतं? त्याले कोणीतरी असंही सांगितलं की वापरलेल्या डिस्कवर ऑनलाइन चालतच नाही, कंपनी ब्लॉक करून टाकते. हे खरं का? अन् उद्या विकायचं काम पडलं तर पैसे निघतीन का?

मी तालुक्याच्या गावी मोबाईल-कन्सोल रिपेरिंगचं दुकान चालवतो, जुने कन्सोल अन् डिस्का घेतो-विकतो, त्याच्या आधी पीएस टूच्या जमान्यापासून या धंद्यात आहो. तर उत्तर लांब होईन, निवांत वाच.

पहिले थोडक्यात सांगून टाकतो. पीएस फोर घे. भाव करताना सहा डिस्का मोज, त्या पंचवीस गेमचा एक रुपयाही धरू नको. डिजिटलवाल्याले सध्या थांबव. अन् डिस्क ब्लॉक होते ही गोष्ट आज खोटी आहे, पण हवेतून आलेली नाही, एका काळी खरंच तसं होतं अन् आता तेच काम दुसऱ्या रस्त्यानं होऊन राहिलं, म्हणून ते सगळं समजून घेशीन तर फसणार नाही.

2010 च्या सुमारास मोठ्या कंपन्यांचं दुखणं हे होतं की एक डिस्क चार हातांतून फिरते अन् त्यांच्या गल्ल्यात पैसा एकदाच पडते. अमेरिकेत गेमस्टॉपसारख्या दुकानांची मोठी कमाई जुन्या डिस्कांवर होती, कोणी खेळून परत आणून दिलेली डिस्क नव्याच्या बाजूलेच थोडी स्वस्त करून मांडायची, अन् त्यातला एक पैसाही गेम बनवणाऱ्याकडे जायचा नाही. तर फिफासारखे गेम काढणाऱ्या ईए कंपनीनं 2010 मध्ये ऑनलाइन पास काढला. टायगर वूड्सच्या गोल्फच्या गेमपासून सुरुवात केली अन् मंग त्यांच्या सगळ्या स्पोर्ट्स गेमले लावला. नव्या डब्यात एक कागद, कागदावर कोड, कोड एकदाच चालणार. ज्यानं नवीन घेतला त्याचं काम झालं, ज्यानं त्याच्याकडून जुना घेतला त्याले ऑनलाइन खेळायचं असन तर वरून 10 डॉलर भरा. टीएचक्यू या दुसऱ्या गेम कंपनीनं त्याच वर्षी यूएफसीच्या मारामारीच्या गेमले 5 डॉलरचा असाच कोड लावला. 2011 मध्ये युबिसॉफ्ट कंपनीनं तसाच युप्ले पासपोर्ट आणला, सोनीनं रेझिस्टन्स 3 या गेमपासून स्वतःचा पीएसएन पास. बॅटमॅन आर्कहॅम सिटीत तर ऑनलाइनचा प्रश्नच नव्हता, एकट्यानं खेळायचा गेम, तरी कॅटवुमनचा भाग कोडमागे ठेवला.

पीएस थ्रीची फिफा 12 अजूनही कधीमधी दुकानात येते. डबा उघडला की डाव्या बाजूच्या चापात पुस्तिका अन् तिच्या मागे तो कोडचा कागद. बहुतेक वेळा कागद गायब, अन् असला तर त्यावर पेनानं बरोबरची खूण, म्हणजे कोणीतरी टाकून मोकळा झालेला. गिऱ्हाईक डिस्क उलटीपालटी करून चरे पाहायचं, अन् खरी किंमत त्या कागदात होती, तो कोणी पाहत नव्हतं. तुले ज्यानं सांगितलं त्यानं ही गोष्ट त्या काळात कुठंतरी ऐकलेली असन.

कंपनीचं म्हणणं असं होतं की सर्व्हर, म्हणजे ऑनलाइन खेळ ज्यावर चालते ते कंपनीचे कॉम्प्युटर, चालवायले खर्च लागते, फुकट कसं खेळू द्यायचं. मले हे कधी पटलं नाही. एका डिस्कवर एका वेळी एकच माणूस खेळते. त्यानं विकली की त्याचं खेळणं बंद अन् दुसऱ्याचं सुरू, सर्व्हरवर माणूस एकाचा एकच राहिला, मंग खर्च कुठून वाढला? लोकांनीही लय बोंबाबोंब केली अन् मे 2013 मध्ये ईएनं पास बंद केला. बाकीच्यांनीही मंग तेच केलं.

पण त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन हा आपला नवा कन्सोल दाखवला अन् पुढच्या महिन्यात त्याचे नियम बाहेर आले. कन्सोल 24 तासांतून एकदा इंटरनेटले जोडून हजेरी लावन, नाही लावली तर गेम बंद. डिस्क असली तरी गेम अकाउंटवर चढन. दोस्ताले द्यायची असन तर एकदाच देता येईन, अन् तो दोस्त तुझ्या फ्रेंड लिस्टमध्ये कमीत कमी 30 दिवस असला पाहिजे. दुकानात विकता येईन का, तर ते पब्लिशर, म्हणजे गेम काढणारी कंपनी, ठरवन. आता तू विचार कर, 2013 चं साल, आपल्याकडे टूजीवर फेसबुकचं पान उघडायले चहा थंड व्हायचा, लाईन गेली की संध्याकाळी येईन का सकाळी हे वायरमनलेही माहीत नसायचं, अन् तिथं रोजची हजेरी! अमेरिकेतच इतका गोंधळ झाला की आपल्याकडे यायची पाळीच आली नाही. 10 जूनले सोनीनं ई थ्री या गेमच्या मोठ्या प्रदर्शनाच्या स्टेजवर सांगून टाकलं की पीएस फोरवर जुन्या डिस्कले काही बंधन नाही, वरून एक लहानसा व्हिडिओ टाकला, जुना गेम दोस्ताले कसा द्यायचा याचा: एकानं डबा पुढं केला, दुसऱ्यानं घेतला, झालं. 19 जूनले मायक्रोसॉफ्टनं नियम मागे घेतले.

इथं सगळ्याले वाटलं की गिऱ्हाईक जिंकलं. डिस्कपुरतं जिंकलंच. म्हणून आज पीएस फोर असो का पीएस फाइव्ह, ओरिजिनल डिस्क कितव्याही हातातून आली तरी चालते, ऑनलाइनही चालते, कोणताच कोड मागत नाही. पण कंपन्यांनी कुलूप फेकून नाही दिलं न, डिस्कवरून काढून अकाउंटले लावलं, सर्व्हरले लावलं, डाउनलोडले लावलं. अन् यावेळी कोणी ओरडलं नाही कारण ते हळूहळू झालं अन् सोयीच्या नावावर झालं.

अकाउंटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे कारण तुझ्या सौद्यात तेच आहे. प्लेस्टेशन स्टोअरवरून घेतलेला गेम म्हणजे मक्त्यानं केलेलं वावर समज. पेरता येते, पीक घेता येते, पण सातबारा तुझ्या नावावर नाही, विकता येत नाही अन् मालकानं नाही म्हटलं की बांधावर उभं राहायचं. तुझा गाववाला जे पंचवीस गेम म्हणून राहिला ते त्याच्या अकाउंटच्या नावावर आहे, मशीनच्या नाही. आता ते मशीनवर चालताना दिसतीन, काऊन की त्यानं तो पीएस फोर आपला प्रायमरी करून ठेवला असन. प्रायमरी कन्सोलवर त्या अकाउंटचे गेम कोणत्याही युजरले उघडते, नेट नसलं तरी. म्हणून तो तुले खुशीत दाखवन, पाहा भाऊ, सगळे चालू आहे. तू घरी नेशीन, महिनाभर खेळशीन. मंग तो नवा पीएस फाइव्ह घेईन, मोबाईलवरून आपल्या अकाउंटमध्ये जाईन, सगळ्या डिव्हाइसवरून डिॲक्टिव्हेट करून टाकन, सहा महिन्यांतून एकदा ती सोय सोनी देते, अन् इकडं तुझ्या स्क्रीनवर प्रत्येक गेमच्या चित्रावर छोटं कुलूप दिसन. त्यानं मुद्दाम फसवलं असंही नाही, बरेचदा त्याले स्वतःलेच समजत नाही.

मंग पोट्टे म्हणते, अकाउंटचा मेल-पासवर्डच घेऊन घेतो न. तो तर अजूनच कच्चा सौदा. सोनीच्या अटींमध्ये अकाउंट विकायले परवानगी नाही, त्यामुळं भांडण झालं तर तुझ्या बाजूनं कोणीच नाही. ज्यानं अकाउंट पहिल्यांदा बनवलं, त्याच्याकडे जुना मेल, जन्मतारीख, पैसे भरल्याच्या पावत्या असते, तो कस्टमर केअरले पटवून अकाउंट परत घेऊ शकते. अन् इंस्टावर, ओएलएक्सवर जे "प्रायमरी 800, सेकंडरी 500" असे गेम विकते ते हेच आहे: एकाच अकाउंटवर एक गेम घ्यायचा अन् दोघातिघांले वाटायचा. चालते तोपर्यंत चालते. माझ्या काउंटरवर असे गेम गेलेले लोक येते, मी काहीच करू शकत नाही, त्यात रिपेर करायसारखं काही नसतेच.

कायद्याचंही लोक विचारते म्हणून सांगतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली कॉम्प्युटर प्रोग्रामबद्दल अशी ओळ आली होती की कॉपी आधी विकली गेली असो का नसो, पुढं विकायचा हक्क मालकाकडेच. 1999 च्या दुरुस्तीत ते शब्द गेले. त्यामुळं आपण ओरिजिनल डिस्क पुढं विकतो तर चोरी करत नाही. व्यापारी तत्त्वावर भाड्यानं द्यायचा हक्क मात्र अजूनही मालकाचाच लिहिलेला आहे, अन् आपल्याकडे एका काळी गल्लीगल्लीत सीडी भाड्यानं भेटायची, जाऊ दे. डिजिटल गेमचं मात्र जगात कुठंच धड ठरलं नाही. युरोपच्या कोर्टानं 2012 मध्ये एका सॉफ्टवेअरच्या केसमध्ये म्हटलं की डाउनलोड केलेलं लायसनही पुढं विकता येते. ते पाहून फ्रान्समधल्या ग्राहक संघटनेनं स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीले कोर्टात ओढलं, 2019 मध्ये जिंकलीही, अन् 2022 मध्ये पॅरिसच्या वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, म्हणे गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नाही, त्यात चित्र आहे, संगीत आहे, त्याले वेगळे नियम. कॅलिफोर्नियात 2025 च्या सुरुवातीपासून एवढं झालं की दुकानानं स्पष्ट सांगायचं, तुम्ही गेम विकत घेऊन नाही राहिले, लायसन घेऊन राहिले. म्हणजे विकता नाहीच येणार, फक्त आधी सांगून देतीन.

सर्व्हरवर तर अकाउंटपेक्षाही आपला कमी हक्क. युबिसॉफ्टचा द क्रू नावाचा गाड्यांचा गेम होता, 2014 चा. एकट्यानं खेळायचा असला तरी सर्व्हर लागायचा. 31 मार्च 2024 ले सर्व्हर बंद केला, अन् ज्याच्याकडे ओरिजिनल डिस्क होती त्याची डिस्कही त्या दिवशी बशी झाली. त्यावरूनच युरोपात स्टॉप किलिंग गेम्स नावाची मोहीम उभी झाली, 2025 मध्ये दहा लाखांच्या वर सह्या गेल्या. सोनीचा स्वतःचा कॉन्कॉर्ड तर 23 ऑगस्ट 2024 ले आला अन् 6 सप्टेंबरले बंद, त्यांनी पैसे परत दिले पण डिस्का लोकांच्या घरी राहिल्याच, अशी डिस्क कोणी "रेअर पीस" म्हणून गळ्यात मारन तर शोभेले ठेवायची असन तरच घे. जीटीए फाइव्हचं पीएस थ्रीवरचं ऑनलाइन 16 डिसेंबर 2021 ले बंद झालं, तरी अजूनही लोक पीएस थ्री विकताना "जीटीए ऑनलाइन चालते" म्हणून सांगते. कहाणी आरामात खेळता येते, ऑनलाइन नाही. जुन्या फिफाचे सर्व्हरही ईएनं एकेक करून बंद केले. फिफाचं नाव गेलं, 2023 पासून तो गेम ईए स्पोर्ट्स एफसी म्हणून येते, अन् त्यातला अल्टिमेट टीमवाला भाग पूर्ण ऑनलाइन आहे, सर्व्हर गेला की पैसे भरून जमवलेले सगळे खेळाडू गेले.

ग्रॅन टुरिस्मो 7 खास करून गावातल्या माणसानं विचार करून घ्यावा. गाड्यांचा फार देखणा गेम, पण त्यातला बहुतेक भाग, एकट्यानं खेळायचाही, नेटशिवाय उघडत नाही. मार्च 2022 मध्ये त्यांच्याकडे एक अपडेट बिघडलं तर 30 तासांच्या वर जगभरात कोणालेच नीट खेळता आलं नाही. ज्याच्या घरी फायबर आहे त्याचं ठीक आहे, तुझ्याकडे मोबाईलचा हॉटस्पॉट असन तर पावसाळ्यात हा गेम तुले छळन.

डाउनलोडचं कुलूप कोणाच्या लक्षातच येत नाही. डिस्क म्हणजे पूर्ण गेम त्यात, असं आता राहिलं नाही. कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर टू, 2022 वाला, त्याच्या पीएस फाइव्ह डिस्कमध्ये 70 एमबीच्या आसपास डेटा होता, बाकी सगळा गेम डाउनलोड, तोही शंभर जीबीच्या घरातला. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असलेल्या माणसानं ती डिस्क घेऊन काय करायचं? निनटेंडोनं 2025 मध्ये स्विच टू आणला त्यातही गेम-की कार्ड आहे, कार्डात गेम नाही, चावी आहे, गेम खाली उतरवा. एक बरं आहे की ते कार्ड दुसऱ्याले विकता येते, चावी कार्डासोबत जाते. अन् काही डब्यात तर डिस्कच नसते, नुसता कोडचा कागद, तो वापरला की डबा रद्दीत. म्हणून डबा हातात घेतला की मागची बारीक अक्षरं वाच, इंटरनेट आवश्यक आहे का, किती जीबी लागते, हे तिथं लिहिलेलं असते. पीएस फोरच्या काळातल्या बहुतेक कहाणीवाल्या गेममध्ये मात्र गेम डिस्कमध्येच आहे, नेट नसलं तरी टाकली की चालली, तुझ्यासाठी पीएस फोर म्हणून राहिलो त्याचं हे मोठं कारण.

पीएस प्लसचा, म्हणजे सोनीच्या पैसे भरून घ्यायच्या मेंबरशिपचा, गोंधळ वेगळाच. पीएस थ्रीवर ऑनलाइन फुकट होतं, पीएस फोरपासून पैसे लागते. नवी डिस्क असो का जुनी, विकतच्या गेममध्ये दुसऱ्यासोबत ऑनलाइन खेळायचं तर प्लस लागन. फोर्टनाइटसारख्या फुकटच्या गेमले लागत नाही. विकणारा म्हणन "प्लस चालू आहे", ते त्याच्या अकाउंटवर चालू आहे, तुझ्या नाही. अन् प्लसमध्ये महिन्याचे जे गेम भेटते ते प्लस संपलं की बंद, त्या पंचवीसपैकी अर्धे तसेच निघतीन असा माझा अंदाज आहे.

आता एक गोष्ट जी मले आठवड्यातून कोणीतरी येऊन सांगतेच: "भाऊ, जुनी सीडी आहे म्हणून ऑनलाइन जोडत नाही." पाहायले गेलं तर डिस्कचा काहीच संबंध नसते. सिमच्या नेटवर अन् काही एअर फायबरवर कंपनी शेकडो गिऱ्हाईकं एकाच पत्त्यामागे ठेवते, त्यामुळं कन्सोलच्या नेटवर्क टेस्टमध्ये नॅट टाइप 3 दाखवते, म्हणजे बाकी खेळाडूंशी जोडणी अडते. मंग जीटीए ऑनलाइनमध्ये एकटाच फिरत राहतो, पार्टीत दोस्ताचा आवाज येत नाही. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट लावून पाहा, बरेचदा टाइप 2 होते अन् तीच सीडी धावायले लागते. आणखी एक, ऑनलाइन जायले गेमचं ताजं अपडेट लागतेच, ऑफलाइनले नाही लागत. तर अपडेट अर्धवट असलं तरी दोष डिस्कवर येते. बिचारी डिस्क.

हां, एक गोष्ट डिस्कची खरी आहे, रिजनची, म्हणजे डिस्क कोणत्या भागासाठी काढली त्याची. पीएस फोर-फाइव्हची डिस्क कोणत्याही देशातली कोणत्याही कन्सोलवर चालते, पण वरून घ्यायचे जे भाग असते, डीएलसी, ते डिस्कच्या रिजनचेच लागते. आपल्या देशात येणाऱ्या डिस्का बहुतेक युरोपवाल्या, डब्याच्या कोपऱ्यात पेगीचा, म्हणजे युरोपातल्या वयाच्या शिक्क्याचा, आकडा असते, 12, 16, 18 असा. कोणी अमेरिकेतून आणली असन तर तिथं ईएसआरबी या तिकडच्या वयाच्या शिक्क्याचं अक्षर असन. तशी डिस्क घेतली अन् आपल्या इंडियाच्या स्टोअरवरून डीएलसी घेतलं तर पैसे जाईन अन् काही उघडणार नाही. नुसता गेम खेळायचा असन तर खुशाल घे, उलट भाव पाडून घे.

डिस्क पाहताना चऱ्यांनी घाबरू नको. ब्लू-रेवर कडक थर असते, बारीक रेघा चालून जाते. मधल्या भोकाजवळ तडा गेला आहे का ते ट्यूबलाइटसमोर तिरपं धरून पाहा, तडा असन तर घेऊ नको. अन् टूथपेस्ट घासायचा जो उपाय यूट्यूबवर सांगते तो जुन्या सीडीसाठी ठीक होता, ब्लू-रेत माहिती पृष्ठभागाच्या एकदम जवळ असते, घासशीन तर उरलेलीही मरन. चमकवलेली, मधातून धुरकट दिसणारी डिस्क दिसली की समज कोणीतरी हे करून ठेवलं आहे. सहाच्या सहा डिस्का मशीनमध्ये टाकून मेनूपर्यंत गेल्याशिवाय हो म्हणू नको, लाजू नको यात. ड्राइव्ह डिस्क ओढून घेते का, कर्रकर्र करते का, तेही त्यातच समजते.

मशीनचं महत्त्वाचं म्हणजे स्वतःच्या अकाउंटनं साइन-इन करून पाहा. घरूनच मोबाईलवर फुकटात अकाउंट बनवून ने. कंपनी नुसतं अकाउंट नाही, कन्सोलही बॅन करते, चीट केलं असन, पायरसीचं काही केलं असन, कोणाच्या कार्डाचे पैसे बुडवले असन तर. बॅन झालेल्या मशीनवर तू नवं अकाउंट टाकलं तरी ऑनलाइन जाता येत नाही, अन् डिस्क ऑफलाइन मस्त चालते, म्हणून विकणारा डिस्क लावूनच दाखवते. स्विच टू तर असेच बॅन झालेले बाजारात आलेले आहे. जेलब्रेक केलेला, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडलेला पीएस फोर "सगळे गेम फुकट" म्हणून कोणी देत असन तर तो ऑनलाइनसाठी मेलेला धर.

जुन्या पीएस फोरमध्ये एक गुंडी सेल असते, सीआर2032, मशीनच्या घड्याळीसाठी. आधी असं होतं की तो सेल मेला अन् नेट नसलं तर मशीन गेम उघडायचीच नाही. 2021 च्या 9.00 अपडेटनंतर तो अडथळा गेला. तर घेतानाच सिस्टम व्हर्जन पाहून घे, जुनं असन तर आधी अपडेट करायले लाव.

यवतमाळच्या डिजिटलबद्दल. ज्यात डिस्कचा ड्राइव्ह नाही त्या मशीनसाठी सेकंड हँड गेमचा बाजारच नाही. ना तू कोणाची डिस्क मागून आणू शकत, ना आपली विकू शकत, सोनीच्या स्टोअरवर जो भाव आहे तो द्यायचा, अन् त्यांचे स्वतःचे बरेच मोठे गेम पीएस फाइव्हवर 4,999 ले निघाले होते. सेलची वाट पाहायची तेवढंच हातात. जिल्ह्याच्या ठिकाणी फायबर असलेल्या अन् वर्षाले दोनच गेम खेळणाऱ्या माणसाले परवडते, तुले नाही परवडणार. तरी मन तिकडेच ओढत असन तर मॉडेल पाहा: 2020 च्या पहिल्या डिजिटलले ड्राइव्ह लावताच येत नाही, 2023 च्या शेवटी आलेल्या सडपातळ मॉडेलले वेगळा घेऊन लावता येते, अन् लावल्यावर पहिल्यांदा नेटवरून जोडणी करून घ्यावी लागते. एक्सबॉक्स सिरीज एसचंही तेच, ड्राइव्ह नाही, पुढं लावायची सोयही नाही.

मोबाईलवाल्यांनीही थोडं ऐका कारण गावात कन्सोल दहा अन् बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) खेळणारे हजार. आयडी, म्हणजे गेमचं अकाउंट, विकायचा जो धंदा चालून राहिला, स्किनवाली आयडी पाच हजाराले, आठ हजाराले, तो वरच्या अकाउंटसारखाच कच्चा आहे. ज्या फेसबुकनं किंवा गुगलनं ती आयडी बांधलेली आहे तो माणूस कधीही परत घेऊ शकते, अन् अटींमध्ये विक्रीले परवानगी नाही. वरून सरकारचं वेगळंच: पबजी सप्टेंबर 2020 मध्ये बंद झाला, बीजीएमआय जुलै 2021 मध्ये आला, जुलै 2022 मध्ये स्टोअरवरून गेला, मे 2023 मध्ये परत आला. बापाच्या कपाशीच्या पैशातून आयडी घेणाऱ्या पोट्ट्यानं त्या मधल्या दहा महिन्यांचा विचार करावा.

तर सौदा असा कर. त्या भावाले तुझ्यासमोर अकाउंटवरून प्रायमरी काढायले लाव, मंग सेटिंगमध्ये जाऊन मशीन पूर्ण इनिशियलाइज कर, म्हणजे सगळं पुसून टाक, तू आपलं अकाउंट टाक, तेच प्रायमरी कर, सहा डिस्का तपास, कंट्रोलरच्या अंगठ्यानं हलवायच्या दोन्ही काड्या सोडल्यावर स्क्रीनवर आपोआप काही सरकते का ते पाहा, अन् मंगच पैसे दे. तो म्हणन, पंचवीस गेमसहित सांगितला होता, आता कमी काऊन? त्याले सरळ सांग, भाऊ, गेम तुझ्याच नावावर राहू दे, तू नव्या मशीनवर खेळ, मी मशीन अन् डिस्कांचे देतो. समजदार असन तर त्याच्याही फायद्याचं आहे.

विकायचं म्हणशीन तर डिस्का विकल्या जाते, कहाणीवाल्या गेमले, जीटीए फाइव्हले, दोन वर्षांनंतरही गिऱ्हाईक भेटते. डबा, वरचा कागद सांभाळून ठेव, नुसत्या डिस्कले भाव अर्धा येते. फुटबॉल अन् कुस्तीच्या डिस्का दरवर्षी नव्या येते, त्या घेऊच नको असं नाही, पण फुटबॉलची असन तर ऑगस्टच्या आत काढून टाक, सप्टेंबरात नवीन आली की मंग कोणी शंभर-दीडशेच्या वर बोलत नाही.